आवारातील सायकलस्वार : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील डाळ गिरण्या, धुळ्यानजीक अवधानचे कारखाने, कापसाच्या हंगामात गाड्यांनी भरून जाणारी जिनिंगची आवारे, बाजार समित्यांची प्रांगणे आणि रावेर-यावलच्या केळीबागांतून घड बाहेर आणणाऱ्या शेतवाटा या सर्व ठिकाणी मजूर, हमाल आणि शाळकरी मुले सायकलीवरून ये-जा करतात, आणि त्याच जागेत ट्रक, टेम्पो व ट्रॅक्टर मागेपुढे होत असतात. अशा जागी सायकलस्वारास वाहनाची धडक बसली, तर ती सार्वजनिक रस्त्यावर घडली नाही एवढ्याच कारणाने तिला क्षुल्लक लेखण्याची जी वृत्ती आढळते, तिच्या मुळाशी असलेल्या गैरसमजांचे निराकरण करणे अगत्याचे आहे.

गैरसमज : आवारात वाहने सावकाश चालतात, म्हणून गंभीर इजा संभवत नाही.
वस्तुस्थिती : येथे घात होतो तो वेगापेक्षा वजनामुळे. ताशी ५ किलोमीटर या चालण्याच्या गतीनेही वाहन सेकंदाला सुमारे १.४ मीटर सरकते, आणि चालकास हाक ऐकू येऊन गाडी थांबेपर्यंत पडलेल्या सायकलस्वाराच्या कमरेवरून वा मांडीवरून चाक गेलेले असू शकते. भरलेल्या ट्रकच्या चाकाखाली ओटीपोटाची हाडे चुरडतात, आणि क्वचित वरची कातडी अखंड दिसत असतानाही ती आतल्या मांसापासून सुटून निघते. शिरस्त्राण अवश्य वापरावे. परंतु ते मस्तकाचे रक्षण करते, कमरेचे नव्हे.

गैरसमज : चालकाला आरशात सर्व दिसते, भोंगा वाजवला की त्याचे कर्तव्य संपले.
वस्तुस्थिती : ट्रकच्या थेट मागे, डाव्या दरवाजाखाली आणि बोनेटच्या अगदी पुढे असे टापू असतात की तेथील सायकलस्वार चालकास दिसतच नाही. ट्रॅक्टर वळताना ट्रॉलीची चाके ट्रॅक्टरच्या चाकोरीतून न जाता वळणाच्या आतल्या बाजूने जातात, आणि भिंत व ट्रॉली यांच्यामधून वाट काढणारा सायकलस्वार तेथेच सापडतो. म्हणून गाडी मागे घेताना चालकास दिसेल अशा जागी इशारा करणारा एक इसम उभा असणे, आणि तो दृष्टीआड होताच गाडी थांबवणे, हाच खरा उपाय होय.

गैरसमज : रक्त दिसत नाही, माणूस उठून उभा राहिला, म्हणजे निभावले.
वस्तुस्थिती : ओटीपोटाच्या हाडांच्या मोडतोडीत एक थेंबही बाहेर न येता कित्येक लिटर रक्त शरीराच्या आत साठू शकते, सायकलचा दांडा पोटात रुतल्याने प्लीहा वा यकृत फाटते आणि त्याची लक्षणे काही तासांनंतर उमटतात, डोक्यास मार लागलेला माणूस कधी थोडा वेळ नीट बोलतो आणि मग बेशुद्ध होतो. अशा जखमीस ओढून बसवू नये, पाणी पाजू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जळगाव व धुळे या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे.

गैरसमज : खाजगी आवारात मोटार वाहन कायदा लागू होत नाही.
वस्तुस्थिती : १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमातील 'सार्वजनिक जागा' या संज्ञेत केवळ रस्ता नव्हे, तर जेथे जनतेस प्रवेशाचा हक्क आहे अशी अन्य जागाही, ती रहदारीची असो वा नसो, समाविष्ट आहे. १९३९ च्या जुन्या अधिनियमातील याच व्याख्येचा अर्थ लावताना मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने, लोकांचा प्रवेश मुक्त असो वा नियंत्रित, खाजगी मालकीची अशी जागाही तीत येते, असा निर्णय दिला आहे. तेव्हा फाटकावर रखवालदार बसवल्याने विम्याची जबाबदारी आपोआप टळत नाही.

गैरसमज : फिर्याद होऊ शकत नाही, मालकाने औषधपाण्याचा खर्च दिला की प्रकरण मिटले.
वस्तुस्थिती : भारतीय न्याय संहितेच्या बेदरकार वाहन चालवण्याविषयीच्या कलम २८१ मध्ये सार्वजनिक मार्गाची अट आहे, हे खरे, परंतु निष्काळजीपणाने इजा करण्याविषयीचे कलम १२५ आणि मृत्यूविषयीचे कलम १०६ यांस जागेचे असे बंधन नाही. कामाच्या ओघात व कामामुळे जखमी झालेल्या मजुरास कर्मचारी नुकसानभरपाईच्या कायद्याचाही मार्ग खुला आहे. मात्र एकाच अपघातासाठी तो आणि मोटार वाहन अधिनियम या दोन्हींखाली भरपाई घेता येत नाही. भरपाईच्या दाव्यासाठी पंचनामा, वाहनाचा क्रमांक आणि दवाखान्याचे कागद पहिल्याच दिवशी जपून ठेवावेत.

गैरसमज : असे अपघात नोंद घेण्याजोगे नसतात.
वस्तुस्थिती : जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत मोटारीच्या धडकेने जखमी झालेल्या सायकलस्वारांसाठी संकेतांक आहेत आणि त्यांत रहदारीतील व रहदारीबाहेरील अपघात पृथक् नोंदवले जातात. म्हणून केसपेपरावर नुसते 'पडून इजा' असे न लिहिता, कोठे आणि कोणत्या वाहनाने, हे लिहून घ्यावे.

खानदेशातील प्रत्येक गिरणीमालकास, बाजार समितीस आणि शाळेच्या व्यवस्थापनास आग्रहाची विनंती आहे की, सायकलींसाठी स्वतंत्र फाटक व वाट आखून द्यावी, ते शक्य नसेल तर सायकली फाटकापाशीच लावण्याची तजवीज करावी, आणि गाडी मागे घेताना इशारा देणारा माणूस नेमल्यावाचून एकही चाक हलू देऊ नये.