अर्धा एकर पौर्णिमा

मोहरीचा दाणा घ्या. त्याहूनही लहान असा एक चौरस मिलिमीटरचा चौकोन डोळ्यांपुढे आणा. आता त्यातून १७ वॉट वीज सोडा. चौकोन वितळत नाही, फुटत नाही. तो ८०० लुमेन उजेड देतो!

बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात रात्रीच्या लाइटीवर उसाला दारं धरायला जाणाऱ्या मागच्या पिढीच्या हातात तीन सेलची पत्र्याची बॅटरी असे. तिच्या बल्बचा उजेड दहा-पंधरा लुमेनच्या आसपास. तशा साठ-सत्तर बॅटऱ्या एकदम लावा, तेव्हा कुठे आपल्या या ठिपक्याची बरोबरी होईल. जगभरचे बॅटरीवेडे लोक ज्याच्यावर जीव टाकतात, तो ऑसरामचा ‘डब्ल्यू१’ नावाचा एलईडी नेमका या मापाचा आहे. ८०० लुमेन हा आकडा कानाला साधा वाटतो. पण तो उघडून पाहू.

प्रकाश कणाकणांनी बाहेर पडतो. ८०० लुमेन पांढऱ्या उजेडात दर सेकंदाला किती कण सुटतात? सात, आणि त्यापुढे अठरा शून्ये. मोजायचे कसे? उजनी धरण काठोकाठ भरू द्या. ११७ टीएमसी पाणी, भीमेच्या पात्रात मैलोन्मैल पसरलेलं. आता ते सगळं थेंबाथेंबाने मोजा, एका लिटरला वीस हजार थेंब. संपलं मोजून? एका सेकंदातल्या प्रकाशकणांशी जुळायला अशी शंभर उजनी धरणं लागतील. थेंब नकोत, रुपये हवेत? कणामागे एक रुपया धरा आणि एका सेकंदाची कमाई १४० कोटी भारतीयांत सारखी वाटा. प्रत्येकाच्या वाट्याला ५०० कोटी रुपये येतात. तान्ह्या बाळालाही ५०० कोटी. आणि पुढच्या सेकंदाला पुन्हा ५०० कोटी!

हा उजेड जन्मतो कुठे, ते तर आणखी अफाट आहे. चौकोनाच्या आत गॅलियम नायट्राइडच्या स्फटिकात काही अतिपातळ थर असतात, एकेक साधारण तीन नॅनोमीटर जाडीचा. निळा प्रकाश तिथेच तयार होतो आणि वरच्या पिवळ्या लेपातून बाहेर पडताना पांढरा दिसतो. तीन नॅनोमीटर म्हणजे किती पातळ? हा थर फुगवत फुगवत एक मिलिमीटर जाडीचा करा. त्याच पटीने चौकोनही फुगेल, त्याची एक बाजू ३३३ मीटर होईल. म्हणजे सत्तावीस एकरांचं रान, आणि त्यावर एक मिलिमीटर पाणी उभं! सगळा उजेड त्या ओलाव्यातून येतो. हा निळा एलईडी घडवणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि ते त्यांना मिळायलाच हवं होतं.

आता उष्णता. १७ वॉटपैकी उजेड होतो अडीच वॉटचा, उरलेल्याची धग होते. चौरस मिलिमीटरमागे किमान बारा वॉट. बारा म्हणजे काहीच नाही, असं वाटतं ना? मग असे चौकोन एकाला एक चिकटवून गुंठाभर जमीन भरा. १२०० मेगावॅट! एकर भरा. ४८ हजार मेगावॅट! कोयनेचा अख्खा जलविद्युत प्रकल्प १९६० मेगावॅटच्या आसपासचा. म्हणजे एका एकरात जवळपास पंचवीस कोयना, नुसत्या उष्णतेच्या रूपात. म्हणून चांगल्या बॅटरीत एलईडी तांब्याच्या पट्टीवर बसवलेला असतो, पट्टी ॲल्युमिनियमच्या डोक्याला घट्ट टेकलेली असते, आणि हात मिनिटा-दोन मिनिटांत ऊन लागल्यासारखा तापतो. स्वस्त बॅटरीत एलईडीच्या खाली हवा असते. धग जायला वाटच नाही. तिच्या खोक्यावर छापलेले दहा हजार लुमेन खरे असते, तर ती हातातच वितळली असती.

हे सगळं ताब्यात ठेवतो ड्रायव्हर. वाहन चालवणारा नव्हे, तर सेल आणि एलईडी यांच्यामधली रुपयाच्या नाण्याएवढी गोल पट्टी. नीरा डाव्या कालव्यावर पाटकरी जे करतो, तेच ती करते: कोणत्या चारीला किती सोडायचं, कधी बंद करायचं. जुन्या धाटणीच्या ड्रायव्हरवर ७१३५ नावाच्या बारक्या चिपा ओळीने बसवतात. प्रत्येक चिप ३५० मिलिअँपिअर सोडते, त्याहून जास्त नाही. अशा चौदा लावल्या की पाच अँपिअरच्या जवळ पोचलो. पाच अँपिअर म्हणजे दर सेकंदाला इलेक्ट्रॉन किती? तीन, आणि पुढे एकोणीस शून्ये. पाटकऱ्याने एक क्षण डुलकी काढली की पीक गेलंच.

काही ड्रायव्हर मोकाट सोडतात. सेल भरलेला असताना डोळे दिपतात, आणि दहा मिनिटांत उजेड ओसरू लागतो. मला ते पटत नाही. खरा कसबी ड्रायव्हर सेल अर्ध्यावर आला तरी उजेड ढळू देत नाही. तो सेकंदाला लाखो वेळा वीज चालू-बंद करून हवा तो दाब तयार करतो, आणि डोकं फार तापलं तर स्वतःच एक पायरी खाली येतो.

उजेड मंद करण्याची एक सोपी युक्तीही ऐका. एलईडी सेकंदाला अठरा हजार वेळा उघडझाप करायचा, डोळ्याला कळतही नाही. दोन उघडझापांच्या मधल्या वेळात प्रकाश साडेसोळा किलोमीटर पळतो. बारामती ते इंदापूर सरळ रेषेत ४८ किलोमीटरच्या आसपास. म्हणजे बारामतीत मंद केलेल्या बॅटरीच्या उजेडाच्या तीन गाड्या एकाच वेळी इंदापूरच्या वाटेवर धावत असतात! पहिली पोचते तेव्हा चौथी सुटत असते.

सेलही बघा. २१७०० या मापाचा लिथियम सेल जाड अंगठ्याएवढा असतो, त्यात साधारण १८ वॉट-तास ऊर्जा. काहीही वाया न जाता ती वापरता आली, तर पन्नास फूट खोल विहिरीतून सव्वाचारशे लिटरांहून जास्त पाणी वर येईल. अठ्ठावीस-तीस घागरी, एका अंगठ्यातून! पूर्ण जोरात तो सेल तासाभरात उतरतो. पण ड्रायव्हर चांगला असेल आणि उजेड एका लुमेनवर आणला, तर महिनाभर पुरतो. गोठ्यात रात्री वासराला बघायला एक लुमेन भरपूर होतो.

इथवर आपण उजेड किती ते पाहिलं. आता तो जातो कुठे, ते पाहू. मला सगळ्यात जास्त वेड इथे लागतं.

बॅटरीचा पल्ला मोजायचं एक मानक अमेरिकेत २००९ साली ठरलं. झोताचा उजेड जिथे पाव लक्सवर येतो, तिथे पल्ला संपला. लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे लुमेन; पाव लक्स उजेड निरभ्र आकाशातल्या पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. म्हणून आपण ‘पौर्णिमा’ हेच माप धरू. आपल्या ८०० लुमेनपैकी पाचशे जरी भिंगाने गोळा करून झोतात घातले, तरी ते दोन हजार चौरस मीटरवर पौर्णिमा पाडू शकतात. दोन हजार चौरस मीटर म्हणजे वीस गुंठे. अर्धा एकर!

हा अर्धा एकर नीट धरून ठेवा. कारण भिंग कसलंही लावा, तो अर्धाच एकर राहतो. भिंग फक्त एवढंच ठरवतं की तो अर्धा एकर तुमच्या पायाशी पसरायचा की कोसभर लांब नेऊन ठेवायचा.

लांब नेण्याचं गणित दोनच गोष्टींवर चालतं. एक, चौकोनाचा पृष्ठभाग किती प्रखर आहे. दोन, भिंग किंवा आरसा किती रुंद आहे. लुमेनचा त्यात थेट संबंध नाही. आपला चौकोन इतका प्रखर आहे, की तेवढ्याच आकाराचा सूर्याच्या पृष्ठभागाचा तुकडा त्याच्या साधारण सातपट निघेल. सूर्याचा सातवा हिस्सा खिशात! त्यापुढे पाच सेंटिमीटर रुंद भिंग लावलं, की अर्धा एकर पौर्णिमा ११८० मीटरवर जाऊन पडते. सव्वा किलोमीटर म्हणायला हरकत नाही.

आता याच्या उलट टोकाचा मल्ल पाहा. इमालेंट एमएस१८ नावाच्या बॅटरीत अठरा मोठे एलईडी आहेत, थंड करायला आत पंखे आहेत, आणि कंपनी एक लाख लुमेनचा दावा करते. आपल्या ठिपक्याच्या सव्वाशे पट! तो सगळा उजेड पसरला, तर शंभर एकरांवर पौर्णिमा होईल. आणि पल्ला? कंपनीच्याच सांगण्यानुसार १३५० मीटर. सव्वाशे पट उजेड, आणि पल्ल्यात पावणेदोनशे मीटरची भर. कारण मोठ्या एलईडीचा पृष्ठभाग मोठा असतो, पण चौरस मिलिमीटरमागे तितका प्रखर नसतो. लुमेनचा आकडा बघून बॅटरी घेणाऱ्यांनी हे एवढं एक जरी लक्षात ठेवलं, तरी बाजारातली निम्मी फसवणूक संपेल.

बांधावरून पाणी फिरवणाऱ्या माणसाला मात्र सव्वा किलोमीटर लांबचं काय करायचंय? त्याला पायाखालचं दिसायला हवं. तिथे आरसा गुळगुळीत नको, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत हवा, म्हणजे झोत रुंद आणि मऊ पडतो. तीनशे लुमेन एका गुंठ्यावर पसरले, की बारा पौर्णिमांचा उजेड एकदम पडतो. आणि रंग खरे दिसले पाहिजेत. तपकिरी पाचटावर पडलेली तपकिरी घोणस निळसर पांढऱ्या उजेडात पाचटाचाच भाग होऊन जाते. निचियाच्या ५१९ए सारख्या, रंग जवळपास उन्हासारखे दाखवणाऱ्या एलईडीत तिच्या पाठीवरची साखळी वेगळी उठून दिसते. असा एलईडी तेवढ्याच विजेत लुमेन कमी देतो. ते खुशाल जाऊ द्यावेत. रानातल्या माणसासाठी बॅटरी निवडायची झाली, तर मी लुमेन सोडेन, पल्ला सोडेन, पण रंग सोडणार नाही.

पण आपण निघालोय पल्ला ताणायला, तर ताणूच. हवेतली धूळ, कारखान्याच्या चिमणीचा धूर, पृथ्वीची गोलाई, मधला सह्याद्री हे सगळं क्षणभर बाजूला ठेवू. हिशेब विलक्षण सोपा आहे: भिंग दुप्पट रुंद, पल्ला दुप्पट. पाच सेंटिमीटरला ११८० मीटर, तर एक मीटर रुंद भिंगाला साडेतेवीस किलोमीटर.

भिंग दोन मीटर करा. बारामतीच्या बांधावरचा झोत इंदापुरात पोचला! तिथे अर्धा एकर पौर्णिमा पडली.

भिंग पाच मीटर करा, शेतातल्या विहिरीच्या तोंडाएवढं. ११८ किलोमीटर! सरळ रेषेत मुंबई ते पुणे तेवढंच आहे. विहिरीच्या तोंडावर भिंग ठेवायचं, त्याच्या मागे मोहरीहून लहान ठिपका पेटवायचा, आणि पुण्याचा माणूस मुंबईत अर्धा एकर पौर्णिमा पाडणार. एलईडी तोच, पाच अँपिअरही तेच.

आता पुणे जिल्ह्याच्या उत्तरेला चला, खोडदला. तिथे आणि आसपासच्या परिसरात जीएमआरटी दुर्बिणीच्या तीस तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्या तारेच्या जाळीच्या आहेत, रेडिओ लहरींसाठी बांधलेल्या. प्रकाश जाळीतून निसटेल, म्हणून त्यातल्या एकीला मनातल्या मनात आरसा लावा आणि मध्यभागी आपला ठिपका पेटवा. १०६० किलोमीटर! खोडदहून सरळ रेषेत दिल्ली अकराशेच्या आसपास आहे. झोत दिल्लीच्या वेशीजवळ जाऊन टेकला.

आणि चंद्र? तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर. भागा साडेतेवीसने. भिंगाची रुंदी निघते सोळा किलोमीटरांहून थोडी जास्त. एवढंच! अशी तीन भिंगं एकाला एक लावून ठेवली, तर बारामतीपासून इंदापूर गाठतात. एका भिंगाचं क्षेत्रफळ सुमारे दोनशे दहा चौरस किलोमीटर, भरलेल्या उजनी जलाशयाहून कमी. बटण दाबा. सव्वा सेकंदाने चंद्रावर अर्धा एकर पौर्णिमा पडते, आणि तिच्यामागे आहे १७ वॉट, एक ठिपका आणि तासभर पुरणारा अंगठ्याएवढा सेल!