भिवंडीत मेलवर अर्ज करताय? उत्तर यावं म्हणून एवढं करा 📩

मानकोली, पूर्णा, काल्हेर, दापोडे पट्ट्यातल्या गोदामांत पिकिंग-पॅकिंगपासून स्टॉक सांभाळण्यापर्यंत कामं निघतात. पण बरीच भरती कंपनी थेट करत नाही, मनुष्यबळ पुरवणारा ठेकेदार करतो. त्यामुळे मुख्य कार्यालयाला गेलेला अर्ज तिथेच पडून राहतो.

१. गेटवर सिक्युरिटीला ठेकेदाराचं नाव विचारा, अर्ज त्याला आणि गोदामाच्या एचआरलाही पाठवा.

२. विषयाची ओळ रिकामी नको. ‘स्टॉक क्लार्क, २ वर्षं अनुभव, राहणार अंजूरफाटा, रात्रपाळी चालेल’ असं लिहा. जवळ राहणारा माणूस त्यांना हवाच असतो.

३. बायोडेटा एकाच पीडीएफमध्ये, फाइलला स्वतःचं नाव. टॅली, एक्सेल, फोर्कलिफ्ट येत असेल तर सगळ्यात वर.

४. आठवड्याने त्याच मेलखाली दोन ओळींची आठवण, मग सकाळी एक फोन.

५. दसरा-दिवाळीच्या ऑनलाइन खरेदीसाठी माणसं आधीच घेतात. गणपतीआधी अर्ज टाका.

राज्य सरकारच्या महास्वयं पोर्टलवरही नोंदणी करा, ती मोफत आहे.

आणि ‘नोकरी पक्की, आधी डिपॉझिट भरा’ असं उत्तर आलं, तर एक रुपयाही देऊ नका! 🙏