वेलभाज्यांचे घड्याळ

परसात किंवा गच्चीवर चार बांबू रोवून त्यांवर सुतळी नाहीतर जुने जाळे ताणले की वेलभाज्यांचा मांडव तयार होतो. त्यावर दुधी, दोडका, कारले, पडवळ, काकडी सुखाने नांदतात. या साऱ्या वेली एकाच कुळातल्या. तांबडा भोपळा, कोहळा, घोसाळे, तोंडले, कर्टोली आणि कलिंगडही त्यातच येतात. जगभरात या कुळाच्या ९०० हून अधिक जाती आहेत. मांडव एक आणि कूळ एक असले तरी या वेलींची फुले एका वेळी उमलत नाहीत. घरी भाजी पिकवणाऱ्याने सर्वांत आधी ओळखायला हवे ते हे वेळापत्रक.

दिवस उजाडण्याच्या सुमारास तांबड्या भोपळ्याची मोठी, केशरी-पिवळी फुले उघडतात आणि ऊन तापले की दुपारच्या आत कायमची मिटतात. कारले, काकडी आणि घोसाळेही सकाळीच फुलतात. ही पिवळी फुले मुख्यतः मधमाश्यांच्या भरवशावर असतात. मग दुपारभर मांडवावर नवे फूल उमलत नाही. ऊन कलल्यावर, साधारण पाचच्या पुढे, दोडक्याची फिकट पिवळी फुले उघडू लागतात. तिन्हीसांजेला दुधीची पांढरी, चुणीदार फुले उमलतात आणि अंधार पडता पडता पडवळाची. पडवळाच्या पाकळ्यांच्या कडांना बारीक तंतूंची झालर असते. अंधारात पांढरा रंग उठून दिसतो, आणि या फुलांकडे येतात ते लांब सोंडेचे निशाचर पतंग. दोडका आणि घोसाळे तर सख्खी भावंडे म्हणावीत इतकी जवळची आहेत. त्यांचा संकरही होऊ शकतो, पण एक संध्याकाळी फुलतो आणि दुसरे सकाळी, त्यामुळे ती सहसा आपापली राहतात. कोणती फुले किती वाजता उघडतात, यावरून दिवसाची वेळ सांगता येईल, ही कल्पना स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनीअस याने १७५१ मध्ये मांडली होती. आपल्या मांडवावर ती रोज प्रत्यक्षात उतरते.

नर फूल, मादी फूल

यातल्या बहुतेक वेलींवर नर आणि मादी फुले वेगळी, पण एकाच वेलीवर येतात. नर फूल साध्या बारीक देठावर असते. मादी फुलाच्या तळाशी मात्र फळाचा आकार आधीच घडलेला दिसतो. दुधीच्या कळीखाली इवलासा लवदार दुधी, कारल्याच्या कळीखाली खरबरीत कारले. परागकण वेळेत पोचले तर ते वाढीला लागते, नाहीतर दोन-तीन दिवसांत पिवळे पडून गळते. कर्टोली आणि तोंडली यांच्यात तर नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी. म्हणून तोंडलीची फांदी लावायची ती भरपूर फळे धरणाऱ्या वेलीचीच आणावी.

‘फुले खूप येतात, पण फळ धरत नाही’ ही घरोघरची तक्रार आहे. तिची कारणे बहुधा दोन असतात. पहिले म्हणजे, सुरुवातीला नर फुलेच जास्त येतात. कडक उन्हाळा आणि मोठा दिवस असला की त्यांचे प्रमाण आणखी वाढते. दुधीची मादी फुले मुख्य वेलीपेक्षा बगलफांद्यांवर अधिक येतात, म्हणून वेल मांडवावर पोचताच शेंडा खुडावा. दुसरे कारण वेळेचे. श्रावणातल्या झडीत मधमाश्या बाहेर पडत नाहीत आणि भोपळ्याचे सकाळचे फूल वाट पाहून मिटून जाते. उंच इमारतींच्या गच्चीवर पतंग विरळाच येतात.

अशा वेळी त्यांचे काम आपल्या हातांनी करता येते. ताजे उमललेले नर फूल खुडावे, पाकळ्या काढून टाकाव्यात आणि मधला परागांचा दांडा मादी फुलातल्या तीन पाळ्यांच्या चिकट टोकावर हलकेच फिरवावा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरते. भोपळ्यासाठी हे सकाळी करावे, दुधी आणि दोडक्यासाठी संध्याकाळी. उरलेली नर फुले वाया जात नाहीत. भोपळ्याच्या फुलांची भजी करणारी सुगरण देठ पाहून नर फुलेच खुडते आणि मादी फुले वेलीवर ठेवते.

फळ धरल्यावर ते फळमाशीपासून जपावे लागते. ही माशी कोवळ्या सालीत अंडी घालते आणि फळ वाकडे होऊन सडते. कोवळ्या फळाला कागदाची किंवा कापडाची पिशवी बांधली की ते वाचते. पडवळ सरळ वाढावे म्हणून टोकाला छोटा दगड बांधण्याची जुनी युक्तीही अजून तितकीच कामाची आहे.

आधार शोधणारे तणावे

या वेली वर चढतात त्या हिरव्या, बारीक तणाव्यांच्या बळावर. चार्ल्स डार्विनने १८६५ मध्ये वेलींच्या हालचालींवर सविस्तर निबंध लिहिला. त्यासाठी त्याने याच कुळातल्या एका रानवेलीचे तणावे दिवसचे दिवस पाहिले होते. तणाव्याचे टोक हवेत गोल फिरत आधार शोधते आणि स्पर्श होताच त्याला विळखा घालते. मग मधला भाग पिळत जाऊन आखडतो आणि वेल आधाराकडे ओढली जाते. दोन्ही टोके अडकलेला तणावा एकाच दिशेने पिळू शकत नाही. म्हणून तो मध्येच दिशा बदलतो, अर्धे वेढे डावे आणि अर्धे उजवे. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी काकडीच्या तणाव्यांवर प्रयोग केले. जून तणावा ताणला तर तो लगेच सैल होत नाही, आधी आणखी पिळतो, असे त्यांना आढळले. त्याच्या आत तंतूंची एक पट्टी असते आणि तिची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त आखडते, त्यातून ही ताकद येते. वाऱ्यात मांडव हलला तरी वेल तुटत नाही, त्यामागे ही रचना आहे.

समुद्र ओलांडणारा भोपळा

दुधी ही माणसाने जोपासलेल्या सर्वांत जुन्या वनस्पतींपैकी एक आहे. वाळलेला भोपळा पाण्यावर तरंगतो आणि त्यातले बी दीर्घकाळ टिकते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार आफ्रिकेतले भोपळे अटलांटिकच्या प्रवाहांवर वाहत अमेरिकेला पोचले, तेही कोलंबसाच्या हजारो वर्षे आधी. तांबडा भोपळा मात्र उलट दिशेने, अमेरिकेतून आपल्याकडे आला. काकडी मूळची भारतातलीच. पंढरपूर-मंगळवेढे परिसरात पिकणारे मोठे भोपळे वाळून मिरजेला जातात आणि तंबोरे व सतारी बनतात. दुधीच्याच जातीचे, पण चवीला कडू असे हे भोपळे असतात.

हा कडवटपणा जाणून घेणे गरजेचे आहे. या कुळात कुकरबिटासिन नावाची कडू द्रव्ये असतात. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या गोड फळांचेच बी राखले, म्हणून आपल्या भाज्यांतून ती जवळजवळ नाहीशी झाली. तरीही एखाद्या वेलीत ती परत येतात. कडू दुधीमुळे जिवावर बेतू शकते. म्हणून दुधी चिरताना छोटी फोड चाखावी, कडू लागली तर थुंकून टाकावी आणि अख्खा दुधी फेकून द्यावा. त्याचा रस काढू नये आणि त्या वेलीचे बीही ठेवू नये.

बी राखणे हे परसबागेचे सर्वांत मोठे काम. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी भाज्यांचे आणि धान्यांचे बी जपले, त्यासाठी त्यांना २०२० चा पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला. त्या कामाची सुरुवात एका मांडवापासूनही करता येते. जूनमध्ये पहिल्या पावसावर बी टोचले तर बहुतेक वेली दोन महिन्यांच्या आत-बाहेर फळे देऊ लागतात. म्हणजे ऋषिपंचमीपर्यंत मांडव भरलेला असतो. बैलाच्या कष्टाचे काही न खाण्याच्या त्या दिवशी ऋषीच्या भाजीत पडवळ, दोडका, भोपळा असा परसातलाच माल पडतो. त्या आधीच मांडवावरचे सर्वांत निरोगी, चवीला गोड ठरलेल्या वेलीचे एक फळ हेरून त्याला दोरा बांधून ठेवावा. ते कोणी तोडू नये, वेलीवरच वाळू द्यावे, आणि त्यातले मूठभर बी शेजाऱ्यांनाही द्यावे.