विरणारा झोका व काल्पनिक संख्या

नागपंचमीस नेकनूरात झाडाच्या फांदीस बांधलेला झोका आमच्या वाचकांनी पाहिलाच आहे. झोका देणारा बाजूस झाला, की तो हळूहळू विरतो. येणे-जाणे आणि विरणे या दोहोंचा हिशेब एकाच संख्येत मांडता येतो, हे आम्ही प्रथम ऐकले तेव्हा आम्हांस खरे वाटेना.

झोका लहान असून हवेचा विरोध वेगाच्या प्रमाणात आहे, असे मानू. मग त्वरण + २क × वेग + न² × स्थान = ०. येथे क हे विरोधाचे मान व न ही विरोधाविना होणाऱ्या आंदोलनाची कोनीय गती. नैसर्गिक लघुगणकाच्या पायाचा 'प × काळ' हा घात म्हणजे स्थान, असे धरावे. अशा राशीचा वेग म्हणजे तीच राशी प ने गुणलेली; म्हणून प² + २कप + न² = ० एवढेच वर्गसमीकरण उरते.

न हा क हून मोठा असता ऋण संख्येचे वर्गमूळ येते, व विद्यार्थी थबकतो. परंतु ऑयलरने १७४८ साली प्रसिद्ध केलेल्या सूत्राप्रमाणे काल्पनिक घात म्हणजे कोज्या व ज्या यांचे मिश्रण होय. वास्तव भाग −क विरणे सांगतो; काल्पनिक भाग येणे-जाणे. दोन्ही उत्तरांची बेरीज घेतली, की काल्पनिक अंश कटतो. डोळ्यांस ठळक दिसणाऱ्या हालचालीस 'काल्पनिक' म्हणावे, हे नामकरण आम्हांस अन्यायाचे वाटते.

दोर १३ फूट असल्यास एक फेरा सुमारे ४ सेकंदांचा, व न सुमारे १·५७. दहा फेऱ्यांत झोका निम्मा झाला, तर क सुमारे ०·०१७. √(न² − क²) तरीही १·५७ च! म्हणजे झोका आखडतो, फेऱ्याचा काळ आखडत नाही. घड्याळ घेऊन पाहावे. तोच लहानसा लंबक दाट काकवीत सोडला व क हा न हून मोठा झाला, तर काल्पनिक भागच नाहीसा होतो, आणि लंबक पलीकडे न जाता मध्यावर सावकाश येऊन राहतो.