बहुप्रक्रियक संगणकातील इंटरप्ट

इंटरप्ट म्हणजे तातडीच्या घटनेकडे लक्ष वेधण्यासाठी उपकरणाने प्रक्रियकाला दिलेला संकेत होय. रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टीममध्ये सरासरी वेगापेक्षा प्रतिसादाला जास्तीत जास्त किती विलंब होतो, हे महत्त्वाचे असते.

एकच प्रक्रियक असताना इंटरप्ट बंद केले की सामायिक माहिती सुरक्षित राहते. बहुप्रक्रियक संगणकात मात्र ही आज्ञा ती देणाऱ्या प्रक्रियकापुरतीच लागू होते. दुसऱ्या प्रक्रियकावर इंटरप्ट येऊन तीच माहिती बदलली जाऊ शकते. म्हणून स्पिनलॉक हे कुलूप वापरतात. तरीही स्थानिक इंटरप्ट बंद करावेच लागतात. अन्यथा कुलूप घेतलेले काम अर्धवट थांबवून आलेला हाताळणी-कार्यक्रम तेच कुलूप मागत कायमचा अडकतो. ही चूक क्वचितच प्रकट होत असल्याने चाचणीत सहसा सापडत नाही.

लिनक्सच्या प्रीएम्प्ट-आरटी प्रकारात बहुतेक इंटरप्टची हाताळणी प्राधान्यक्रम असलेल्या थ्रेडमध्ये होते, त्यामुळे अधिक निकडीचे काम तिला थांबवू शकते. २०२४ मधील ६.१२ आवृत्तीपासून ही सोय मुख्य लिनक्समध्ये आली.

पुण्याच्या सी-डॅकचा परम ८००० (१९९१) हा रिअल-टाइम संगणक नव्हता. पण त्यातील ट्रान्सप्युटर बाह्य घटनेकडे वाहिनीवरील संदेश म्हणूनच पाहत. प्रत्येकाची मेमरी स्वतंत्र असल्याने तेथे सामायिक कुलपाचा प्रश्न उद्भवत नसे.