अपंग श्वान दत्तक घेताना
उज्जैनला शिप्रेकाठी ज्या काळभैरवाची पूजा होते, त्याचे वाहन श्वान मानले जाते. म्हणून या नगरीत अपंग श्वानाला घर देणे परंपरेला साजेसेच आहे. मणक्याच्या इजेने मागचे पाय लुळे पडलेल्या श्वानाचा लघवीवरही अनेकदा ताबा राहत नाही, त्यामुळे पशुवैद्याकडून शिकून त्याचे मूत्राशय हाताने दाबून रिकामे करावे लागते आणि शय्याव्रण, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, टाळण्यासाठी कूस बदलावी लागते. वेदनेमुळे तो स्पर्शाला भितो. म्हणून नजर न रोखता बाजूला बसावे, ठरल्या वेळी अन्न द्यावे आणि जवळ येण्याचा निर्णय त्याच्यावर सोडावा. पळता न येणाऱ्या जिवाला नकाराची मुभा मिळाली, की विश्वास रुजतो. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण सोडून देणे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. म्हणून आयुष्यभराची तयारी असेल, तरच दत्तक घ्यावे.