मोरी, बांगडा आणि पारा

बाळंतिणीला भरपूर दूध यावं म्हणून कोकणात मोरीचं, म्हणजे शार्क माशाचं, कालवण देतात. पाऱ्याच्या हिशेबाने मात्र मोरी हा सर्वांत जपून खायचा मासा. याचं कारण समुद्राच्या तळाशी आहे.

जळलेल्या कोळशातून आणि कारखान्यांच्या सांडपाण्यातून पारा पाण्यात उतरतो. तळच्या गाळात, जिथे प्राणवायू नसतो, तिथले जीवाणू त्याचा मिथाइल पारा करतात. तो प्लवकांत शिरतो. प्लवकं तारली खाते, तारलीला सुरमई आणि सुरमईला मोठी मोरी. खाल्लेला पारा अंगातून फार सावकाश बाहेर पडतो, म्हणून दर पायरीला साठा वाढत जातो. जपानमधल्या मिनामाता शहरात मासे खाणाऱ्यांच्या मज्जासंस्थेवर याच पाऱ्याने घाला घातला. १९५६ साली तो आजार उघडकीस आला. सर्वांत जास्त धोका गर्भातल्या बाळाच्या मेंदूला असतो.

हा पारा मांसातल्या प्रथिनांना चिकटून बसतो. मीठ-हळद चोळा, आगळ घाला, कडक तळा, तो निघत नाही. जे काही करायचं ते बाजारातच, मासा निवडताना. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, तसंच लहान मुलांनी मोरी टाळावी, मोठी सुरमई क्वचित खावी. बांगडा, तारली, मांदेली, कोळंबी आठवड्यातून दोन-तीनदा खुशाल खावी. बाळाच्या मेंदूला लागणारं ओमेगा-३ बांगड्या-तारलीत भरपूर असतं. मासे सोडून देण्यात तोटाच आहे.

डीडीटी आणि पीसीबी या रसायनांची तऱ्हा वेगळी. ती चरबीत साठतात, त्यामुळे इथे सुरी कामाला येते. मासा साफ करताना कातडी आणि पोटाकडची चरबी काढावी. तळण्याऐवजी जाळीवर भाजावा, गळालेली चरबी टाकून द्यावी. नुसती कातडी काढली तरी बराच फरक पडतो.

तिसऱ्या आणि कालवं पाणी गाळून जगतात, त्यामुळे पाण्यात जे असेल ते त्यांच्यातही येतं. चिंबोरीत कॅडमियम साठतं ते मुख्यतः कवचाखालच्या मऊ तपकिरी भागात. तो काढून नांग्यांचं पांढरं मांस खावं. कारखान्यांचं पाणी येणाऱ्या खाडीतलं शिंपलं मात्र कितीही धुतलं तरी घेऊ नये. म्हणून कोळणीला भावाआधी विचारावं, माल कुठल्या खाडीतला?